नागपुरात राहून ब्रिटिशकालीन टपाल जमवताना

जुन्या पाकिटावरचे तिकीट कापून घेऊ नये, हा या संग्रहाचा पहिला नियम आहे आणि तो मी स्वतः मोडला असल्यामुळे त्याची किंमत मला ठाऊक आहे. शाळेत असताना नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर पत्र्याची एक पेटी सापडली होती. तिच्यात पणजोबांच्या काळची शे-दीडशे पाकिटे सुतळीने बांधून ठेवलेली होती. मी आणि माझ्या चुलतभावाने दोन दिवसांत सगळी तिकिटे कापली, परातीत पाणी घेऊन भिजवली, वर्तमानपत्रावर वाळवली आणि वहीत चिकटवली. उरलेला कागद पाणी तापवायच्या बंबात गेला. ती वही अजून माझ्याकडे आहे. तिच्यातली बहुतेक तिकिटे पाचव्या जॉर्जची, अर्ध्या आणि एक आण्याची, आजही कोणत्याही विक्रेत्याकडे स्वस्तात मिळणारी आहेत. जे जळाले ते मात्र पुन्हा मिळणारे नव्हते. कोणत्या गावाहून पत्र निघाले, कोणत्या वाटेने आले, किती दिवस लागले आणि आमच्या घरी त्या काळी कोण कोणाला लिहीत होते, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

सुट्या तिकिटावरून छापखाना, कागद आणि रंग कळतो. तेच तिकीट पाकिटावर असले की त्या वेळचा टपालाचा दर, पत्राची वाट, प्रवासाची मुदत आणि लिहिणाऱ्याची ऐपतसुद्धा कळते. संग्राहक अशा टपालातून गेलेल्या पाकिटाला ‘कव्हर’ म्हणतात, आणि पुढे जे सांगायचे आहे ते मुख्यतः कव्हरांविषयी आहे. तिकिटांची ओळख त्या ओघात येईल.

संग्रहाची हद्द आधी ठरवावी

हिंदुस्थानच्या टपालाचा पसारा अफाट आहे आणि त्यातल्या प्रसिद्ध वस्तू सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. १८५२ साली सिंधचा कमिशनर बार्टल फ्रियर याच्या पुढाकाराने सिंधमध्ये निघालेले ‘सिंदे डाक’ हे आशियातले पहिले टपाल तिकीट होय. १ ऑक्टोबर १८५४ पासून साऱ्या हिंदुस्थानासाठी तिकिटे सुरू झाली. कलकत्त्याच्या सर्व्हेअर जनरलच्या कचेरीत शिळाछापावर छापलेली अर्ध्या आण्याची निळी, एक आण्याची तांबडी आणि चार आण्यांची दुरंगी तिकिटे ही त्यांतली नामांकित. चार आण्यांच्या तिकिटात तांबडी चौकट आणि निळे मस्तक अशा दोन वेगळ्या छपाया होत्या, आणि त्यात झालेल्या चुकीमुळे काही तिकिटांवर राणीचे मस्तक उलटे उतरले. त्याच्या मोजक्याच प्रती आज जगात आहेत. अशा वस्तूंची चित्रे पाहावीत, त्यांचा इतिहास वाचावा, पण आपला संग्रह त्यांच्या मागे लावू नये.

त्यापेक्षा नागपूरकराने आपल्या आसपासचा एखादा अरुंद विषय घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. १८५४ हे साल आपल्यासाठी दुहेरी अर्थाचे आहे. तिसऱ्या रघूजी भोसल्यांचे डिसेंबर १८५३ मध्ये निधन झाले आणि डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले ते पुढच्याच वर्षी, म्हणजे ज्या वर्षी टपालाची तिकिटे आली त्याच वर्षी. १८६१ साली मध्य प्रांत अस्तित्वात आला, १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली, १८९१ साली बंगाल-नागपूर रेल्वेमुळे पूर्वेकडची सरळ वाट खुली झाली आणि १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. यांतल्या प्रत्येक घटनेने टपालाची वाट, वेळ किंवा शिक्क्यांवरची नावे बदलली, त्यामुळे प्रत्येक घटना हा एका छोट्या संग्रहाचा विषय होऊ शकतो. ‘रेल्वे येण्यापूर्वी आणि आल्यानंतरचे नागपूर-मुंबई टपाल’ असा विषय घेतला, तर दहा-बारा पाकिटांतही सांगण्याजोगे बरेच जमते.

दुसरा विषय कामठीच्या छावणीचा आहे आणि तिसरा राजनांदगावचा. राजनांदगाव तेव्हा मध्य प्रांतातले संस्थान होते. १८९१ साली त्याने स्वतःची तिकिटे काढली, आणि पुढे त्यांवर एका लंबगोलात ‘एम.बी.डी.’ ही अक्षरे उमटवलेली दिसतात. ती राजे महंत बलराम दास यांच्या नावाची आद्याक्षरे आहेत. ही तिकिटे सुटी मिळतात, परंतु खरोखर टपालातून गेलेल्या पाकिटावर ती फार क्वचित दिसतात, म्हणून असे पाकीट कोणी दाखवलेच, तर आनंद होण्याआधी संशय घ्यावा. ज्यांना स्वातंत्र्यानंतर थोडे पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी जानेवारी १९४९ मध्ये सुरू झालेली रात्रीची हवाई डाक आहे. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत आणि थैल्यांची अदलाबदल करून परत जात. वसाहतकाळाच्या हद्दीबाहेरचा असला, तरी नागपूरच्या टपालाचा इतका अभिमानाचा विषय मला सोडवत नाही.

अगदी नवशिक्याने पोस्टकार्डांपासून सुरुवात करावी. पाकिटातले पत्र बहुधा हरवलेले असते. कार्डावर पत्ता, तिकीट, शिक्के आणि मजकूर सगळे एकत्रच राहते, आणि किंमतही परवडते.

पाकीट वाचण्याची रीत

पाकीट हातात आले की तिकिटाकडे पाहण्याआधी ते उलटे करावे. त्या काळी पत्र जिथे पोहोचे, त्या कचेरीचा शिक्का बहुधा मागच्या बाजूला मारीत, आणि मधल्या रेल्वे टपालाचे म्हणजे आर.एम.एस.चे शिक्केही पुष्कळदा मागेच सापडतात. पुढचा शिक्का निघाल्याची तारीख सांगतो, मागचा पोहोचल्याची. या दोहोंमधले दिवस मोजणे हे पाकीट वाचण्याचे पहिले काम होय. जुन्या इंग्रजी लेखनात नागपूर ‘नागपोर’ होते आणि कामठी ‘कॅम्प्टी’, त्यामुळे विक्रेत्याच्या यादीत आपले गाव शोधताना ही रूपेही ध्यानात ठेवावीत. माहिती नसलेल्या विक्रेत्याकडे आपल्या गावाचे पाकीट अनोळखी स्पेलिंगखाली पडून राहिलेले मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहे.

दुसरे काम दर तपासण्याचे. यासाठी थोडे पाठांतर लागते, पण एकदा ते झाले की अर्धी विद्या हाती येते. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै, हा हिशेब आधी पक्का करावा. १८३७ च्या कायद्याप्रमाणे टपालखर्च वजन आणि अंतर या दोहोंवर आकारला जाई, आणि कलकत्त्याहून मुंबईला पत्र धाडायला तोळ्यामागे एक रुपया पडे. १८५४ मध्ये अंतराची अट गेली. पाव तोळ्यापर्यंतचे पत्र हिंदुस्थानात कुठेही अर्ध्या आण्यात जाऊ लागले. १८६९ पासून त्याच अर्ध्या आण्यात अर्धा तोळा वजन चालू लागले. पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले ते पाव आण्यात, आणि पुढे चार दशकांहून अधिक काळ त्याचा दर तोच राहिला. १९२२ साली पत्राचा किमान दर एक आणा आणि कार्डाचा अर्धा आणा झाला. १९३१ च्या अखेरीस दर पुन्हा वाढून पत्राला सव्वा आणा आणि कार्डाला पाऊण आणा पडू लागला.

हे आकडे कामाला कसे येतात, ते एका उदाहरणाने सांगतो. १९२५ चा शिक्का असलेल्या देशांतर्गत पाकिटावर अर्ध्या आण्याचे एकच तिकीट असेल, तर ते पाकीट कमी हशिलाचे आहे. अशा पाकिटावर टपालखात्याने कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट वसुली करण्याची नोंद केलेली असायला हवी, म्हणजे ‘बेअरिंग’ किंवा ‘पोस्टेज ड्यू’ असा शिक्का आणि आकडा. तो असेल, तर पाकीट साध्यापेक्षा अधिक मोलाचे ठरते. तो नसेल, तर पाकिटात छापील मजकूर होता का, म्हणजे त्याला वेगळा स्वस्त दर लागत होता का, हे पाहावे. आणि तसेही नसेल, तर एक तिकीट गळून पडले आहे किंवा कोणीतरी नंतर तिकीट चिकटवले आहे, असे समजावे.

माझ्या संग्रहातले सगळ्यांत आवडते कार्ड नोव्हेंबर १८९९ मधले आहे. पाव आण्याचे, तपकिरी छपाईचे, राणी व्हिक्टोरियाचे मस्तक असलेले हे कार्ड हिंगणघाटहून इतवारीतल्या एका दुकानाच्या पत्त्यावर आले आहे. हिंगणघाटच्या शिक्क्याची तारीख १४ आहे आणि नागपूरच्या शिक्क्याची १५, म्हणजे वर्धेमार्गे रेल्वेने ते एका दिवसात पोहोचले. पत्ता इंग्रजीत आणि खाली बाळबोधीत आहे, मजकूर मोडीत. मोडी मला तेव्हा येत नव्हती, म्हणून एका जाणकाराकडून तो वाचून घेतला. पाऊस गेला, कापूस निम्म्यावर आला, ज्वारी बाजारात दिसत नाही, आधी ठरलेल्या भावाने माल देता येणार नाही, असे त्यात आहे. छप्पन्नच्या, म्हणजे विक्रम संवत १९५६ च्या (इ.स. १८९९-१९००) दुष्काळाबद्दल आपण पुस्तकात वाचतो; इथे तो दुष्काळ चार ओळींत, घाईच्या हाताने, एका व्यापाऱ्याने दुसऱ्याला कळवलेला आहे. ते कार्ड मी पन्नास रुपयांना घेतले होते, कारण विक्रेत्याच्या दृष्टीने त्यावर ‘साधे तिकीट’ होते. तेव्हापासून मी मोडी शिकलो, आणि नागपूर-वऱ्हाडचे टपाल जमवणाऱ्या प्रत्येकाने ती शिकावी, असे सांगत असतो. इतवारीतल्या मारवाडी पेढ्यांच्या पत्रव्यवहारात महाजनी लिपीही भेटते, आणि ती वाचणारा माणूस मिळाला, तर त्याचा नंबर जपून ठेवावा.

कामठीचे सैनिकी टपाल याहून वेगळ्या तऱ्हेने वाचावे लागते. गोऱ्या शिपायांना मायदेशी एक पेनीच्या सवलतीच्या दरात पत्र पाठवता येई, परंतु त्यासाठी पाकिटावर शिपायाचे नाव, हुद्दा आणि पलटण लिहून कमांडिंग ऑफिसरची सही घ्यावी लागे. १८६० साली आठ पैचे जांभळे तिकीट निघाले ते मुख्यतः याच दरासाठी, कारण तेव्हा एका पेनीचे आठ पै होत; पुढे रुपयाची किंमत घसरली आणि १८७४ मध्ये नऊ पैचे तिकीट काढावे लागले. तेव्हा आठ पैचे तिकीट असलेले पाकीट दिसले, की वरच्या डाव्या कोपऱ्यातली सही आणि पलटणीचे नाव शोधावे. सही असेल, तर ती झाकणारी कोणतीही चिठ्ठी, टेप किंवा किमतीचे लेबल त्यावर लावू देऊ नये. दोन्ही महायुद्धांच्या काळातली पुष्कळ पाकिटे सेन्सॉरने उघडून चिकटपट्टी लावून पुन्हा बंद केलेली असतात. ती पट्टी म्हणजे पाकिटाचाच भाग आहे, घाण समजून ती सोलू नये.

तिकीट ओळखणे

इथे फार लांबण लावत नाही, कारण चांगला कॅटलॉग आणि साधे भिंग एवढ्यावर हे काम होते. तरी काही खुणा तोंडपाठ असाव्यात. १८५४ ची शिळाछापाची तिकिटे दाते नसलेली आहेत. कारकून ती कात्रीने कापून देत असे, म्हणून चारही बाजूंना कोरी कड राहिलेले तिकीट दुर्मीळ आणि महाग. १८५५ पासून लंडनच्या डे ला रू कंपनीने छापलेली दातेरी तिकिटे येऊ लागली. कागदातली जलखूण म्हणजे वॉटरमार्क तिकिटाचा काळ सांगतो: १८६५ पासून हत्तीचे मस्तक, १८८२ पासून एकेक तारा, आणि नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छपाई सुरू झाल्यावर १९२६ च्या सुमारास एकाच तिकिटात अनेक तारे. १८८२ च्या मालिकेपासून तिकिटावरचे ‘ईस्ट इंडिया पोस्टेज’ जाऊन ‘इंडिया पोस्टेज’ आले, ही खूण उघड्या डोळ्यांनी दिसते.

१९३७ ची सहाव्या जॉर्जची मालिका मला विशेष प्रिय आहे. दोन आण्यांच्या तिकिटावर हरकारा, अडीच आण्यांच्या तिकिटावर बैलगाडी, तीनवर टांगा, साडेतीनवर उंट, चारवर आगगाडी, सहावर आगबोट, आठवर लॉरी आणि बारा आण्यांच्या तिकिटावर विमान, अशी टपालवाहतुकीची सारी साधने त्यात आहेत. सगळी तिकिटे परवडणारी आहेत आणि मुलांना या छंदाची गोडी लावायला यासारखी मालिका नाही.

सुटे तिकीट कापलेल्या कागदावर असेल आणि ते उतरवायचेच असेल, तर कागदाची बाजू खाली करून तो साध्या पाण्यावर तरंगत ठेवावा, तिकीट बुडवू नये. त्या काळच्या काही शाया मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या होत्या, म्हणजे शिक्का धुऊन तिकीट पुन्हा वापरता येऊ नये. जांभळ्या आणि हिरव्या तिकिटांच्या बाबतीत हे विशेष जपावे. शिक्का पूर्ण आणि स्पष्ट उमटलेला असेल, तर तो कागदाचा तुकडा तसाच ठेवणे उत्तम.

कुठे शोधावे

नागपुरात चांगली पाकिटे दुकानांतून कमी आणि घरांतून जास्त मिळतात. महाल, इतवारी, धंतोली, सदर, कामठी इथली जुनी घरे पाडून फ्लॅट उभे राहताना माळे रिकामे होतात आणि कागदांची पोती रद्दीवाल्याकडे जातात. आपल्या भागातल्या दोन-तीन रद्दीवाल्यांशी आणि इतवारीतल्या जुन्या सामानाच्या दुकानदारांशी ओळख ठेवावी, त्यांना नेमके काय हवे ते दाखवून ठेवावे आणि मुख्य म्हणजे तिकिटे कापू नका, असे पुन्हा पुन्हा सांगावे. पहिल्या खेपेला योग्य किंमत मोजली, तर पुढचे पोते आधी आपल्याकडे येते.

कुटुंबाकडून पत्रे घेताना एक गोष्ट पाळावी. ती पत्रे कोणाच्या तरी आजोबांची असतात. विकत घेण्याआधी सगळ्या पत्रांची दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून घरच्यांना द्यावीत, मोडीतला मजकूर वाचून सांगावा, आणि लग्न, वाटणी, आजारपण अशा खासगी गोष्टींची पत्रे त्यांना परत ठेवायची असल्यास आनंदाने परत करावीत. मी असे करू लागल्यापासून मला दुप्पट घरांतून बोलावणे आले आहे, पण तसे नसते झाले, तरी हेच करणे योग्य होते.

सिव्हिल लाइन्समधल्या जीपीओच्या फिलाटेलिक ब्युरोत नवी तिकिटे मिळतात, जुनी नव्हेत; तरीही तिथे अधूनमधून जावे, कारण शहरातले जाणते संग्राहक तिथेच भेटतात आणि त्यांच्याबरोबर घालवलेला एक तास पुष्कळ पैसे वाचवतो. ऑनलाइन लिलावात घ्यायचे, तर पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे स्वच्छ स्कॅन मागावेत. मागची बाजू दाखवायला जो विक्रेता टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नये. मी एकदा हा नियम बाजूला ठेवून, केवळ समोरून सुंदर दिसते म्हणून १८६० च्या दशकातले एक पाकीट मागवले. ते आले तेव्हा मागचा अर्धा भाग नव्या कागदाने जोडलेला निघाला, आणि पोहोचल्याचा शिक्का त्या गेलेल्या अर्ध्यातच होता. पैसे परत मिळाले नाहीत. ते पाकीट मी नवशिक्यांना दाखवण्यासाठी वेगळे ठेवले आहे.

किमतीबद्दल इतकेच सांगतो, की कॅटलॉगमधली किंमत निर्दोष नमुन्याची असते आणि ती बहुधा सुट्या तिकिटाची असते. पाकिटाची किंमत दर, वाट, शिक्का आणि अवस्था यांवर ठरते, आणि ती कळायला वर्षभर लिलावांचे निकाल नुसते पाहत बसावे लागते. पहिल्या वर्षी एका वस्तूवर मोठी रक्कम घालू नये.

खोटे ओळखणे

सगळ्यांत जास्त फसवणूक होते ती खऱ्या पाकिटावर दुसरे तिकीट चिकटवून. तिकीट नसलेले जुने पाकीट स्वस्त असते. त्यावर योग्य काळातले सुटे तिकीट लावले आणि शिक्क्याच्या चार रेघा ओढल्या, की किंमत दहापट होते. यावर उपाय म्हणजे शिक्का तिकिटावरून पाकिटावर अखंड गेला आहे का, हे भिंगाखाली पाहणे. संग्राहक याला तिकीट ‘टाय’ झाले असे म्हणतात. शाईचा रंग आणि रेषेची जाडी तिकिटाच्या कडेवर तुटत असेल, तर थांबावे. तिकिटाखालच्या कागदाचा रंग आजूबाजूपेक्षा वेगळा आहे का, जुन्या डिंकाचा मोठा डाग बाहेर डोकावतो आहे का, हेही पाहावे. अल्ट्राव्हायोलेट दिवा आता स्वस्तात मिळतो. त्याच्या उजेडात नवा कागद आणि काही आधुनिक गोंद चमकतात, जुने बहुधा चमकत नाहीत.

दुसरा प्रकार धुतलेल्या तिकिटांचा. दस्तऐवजावर पेनच्या सहीने रद्द झालेले मोठ्या किमतीचे तिकीट रसायनाने धुऊन त्यावर बनावट टपालशिक्का मारतात. तिकीट तिरपे धरून उजेडात पाहिले, तर पेनच्या टोकाने कागदावर पडलेला चर शिल्लक दिसतो, शाई गेलेली असली तरी. तिसरा प्रकार छपाईच्या चुकांचा. १९२१ मध्ये एक आण्याच्या तिकिटावर नऊ पैचा छाप मारला गेला तेव्हा काही तिकिटांवर ‘नाईन नाईन’ आणि काहींवर ‘पाईज पाईज’ असे उमटले. या खऱ्या चुका आहेत आणि महाग आहेत, आणि नेमक्या म्हणूनच साध्या तिकिटावर खोटा छाप मारून त्या बनवल्या जातात. असे तिकीट जाणत्याला दाखवल्याशिवाय घेऊ नये.

शेवटी तारखांची गोष्ट. शिक्क्यावरची तारीख तिकीट निघाल्याच्या तारखेआधीची असेल, तर पुढे बोलण्याची गरजच नाही. आश्चर्य असे, की इतकी सोपी तपासणी लोक उत्साहाच्या भरात विसरतात.

नागपूरच्या हवेत जपणूक

परदेशी मार्गदर्शनात थंड आणि कोरड्या खोलीचा सल्ला असतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तापमान ४५ अंशांवर जाते, आणि संग्रहाला त्या उन्हापेक्षा अधिक धोका कूलरपासून असतो. बाहेर हवा भाजून काढत असते आणि कूलर चाललेल्या खोलीत वाळ्याच्या पडद्यांतून आलेला दमटपणा साचून राहतो. न वापरलेल्या तिकिटांचा डिंक त्यात सुटतो आणि तिकिटे अल्बमच्या पानाला चिकटतात. माझी सहाव्या जॉर्जची न वापरलेली पूर्ण मालिका एका नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांत, अशीच गेली. तेव्हापासून संग्रह कूलर नसलेल्या आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या लोखंडी कपाटात असतो. वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली तो ठेवू नये. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. निळ्या गोळ्या गुलाबी झाल्या, की बदलाव्यात. अल्बम आडवे एकावर एक न रचता उभे ठेवावेत, म्हणजे दाब पडत नाही.

पाकिटांसाठी पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिनच्या पारदर्शक पिशव्या घ्याव्यात. नव्या रेक्झिनसारखा वास येणारे मऊ पीव्हीसी प्लास्टिक काही वर्षांत चिकट होते आणि तिकिटाची शाई ओढून घेते. सेलोटेप, फेव्हिकॉल आणि लॅमिनेशन यांपैकी काहीही जुन्या कागदाला कधीही लावू नये. लॅमिनेट केलेले पाकीट संग्रहासाठी संपलेच म्हणून समजावे. कसर आणि वाळवीसाठी डांबरगोळ्या कपाटात टाकण्याची आपल्याकडे सवय आहे, पण त्यांची वाफ प्लास्टिकला आणि कागदाला अपाय करते. त्याऐवजी पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत, सगळी पाकिटे एकेक करून बाहेर काढावीत, सावलीत पंख्यापासून दूर तासभर मोकळी ठेवावीत, कपाट पुसून घ्यावे आणि परत लावावीत. तिकिटे बोटांनी न उचलता चिमट्याने उचलावीत. पाकिटे मात्र स्वच्छ, कोरड्या हातांनी दोन्ही कडांना धरावीत, कारण जुना, ठिसूळ कागद चिमट्याने फाटतो.

नोंदवही, कायदा आणि पहिली फ्रेम

प्रत्येक पाकीट पिशवीत घालण्याआधी दोन्ही बाजूंनी ६०० डीपीआयवर स्कॅन करावे आणि एका कार्डावर नोंद लिहावी: क्रमांक, निघाल्याची व पोहोचल्याची तारीख, दर, वाट, शिक्के, मजकुराचा सारांश, कोणाकडून आणि कितीला घेतले. पाकिटावर स्वतः काहीही लिहू नये, पेन्सिलनेसुद्धा. खरेदीची पावती नोंदीबरोबरच ठेवावी. जुने दस्तऐवज देशाबाहेर पाठवताना सावध राहावे. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यात ऐतिहासिक महत्त्वाचे पंचाहत्तर वर्षांहून जुने दस्तऐवज आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तू येतात, आणि खासगी व्यक्तीला पुरावशेष निर्यात करता येत नाहीत. परदेशातल्या गिऱ्हाइकाने किंवा लिलावगृहाने मागितले, म्हणून पाकीट कुरिअरमध्ये टाकून देऊ नये.

संग्रह पन्नास-साठ पाकिटांचा झाला, की प्रदर्शनासाठी एक फ्रेम लावून पाहावी. आपल्याकडच्या प्रदर्शनांत एका फ्रेमला बहुधा सोळा पाने असतात. पहिल्या पानावर विषयाची हद्द आणि पाकिटे कोणत्या क्रमाने लावली आहेत ते लिहावे, आणि पुढच्या प्रत्येक पाकिटाखाली दर, वाट आणि शिक्का यांविषयी दोन ओळी, त्यापेक्षा जास्त नाहीत. सोळा पाने मांडायला बसले, की कोणते पाकीट कमी आहे ते आपोआप दिसते. माझ्या फ्रेममध्ये १८६६ ते १८६८ यांच्यामधली जागा अजून रिकामी आहे. रेल्वे पोहोचल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतले, नागपूरहून मुंबईला गेलेले, मागे मुंबईचा शिक्का असलेले एक पाकीट मला तिथे हवे आहे, आणि कामठीच्या एका घरी माळा उतरवायचे काम येत्या दिवाळीच्या साफसफाईत निघणार आहे.